यशवंतराव आणि खडकवासल्याची वाट

आपल्याकडच्या कुठल्याही शाळेची स्मरणिका उघडली की यशवंतराव चव्हाणांवर एक लेख असतोच. तो बहुधा त्यांच्या राजकारणावर, वक्तृत्वावर नाहीतर साहित्यप्रेमावर असतो. मी पडले इंजिनिअर. वीस-बावीस वर्षे संगणकाच्या पडद्यापुढे गेली, राजकारणातले मला फारसे कळत नाही. पण गेल्या वर्षी एका घरगुती कारणाने (ते पुढे येईलच) त्यांचे चरित्र मी नव्याने वाचायला घेतले आणि त्यात एक धागा सापडला. खेड्यातल्या, शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना लष्करात अधिकारी होण्याची वाट कशी मिळाली, त्याचा हा धागा. आपल्या बॅचच्या अनेकांची मुले आता कॉलेजात आहेत, म्हणून तो इथे मांडते. गुरुजनांनी सांभाळून घ्यावे.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, आजोळी देवराष्ट्र्याचा. सागरेश्वराच्या डोंगराजवळचे आणि सोनहिरा ओढ्याकाठचे हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे साहेब आमचे की तुमचे, हा सातारकर आणि सांगलीकरांचा वाद आपल्या वर्गातही रंगायचा. जन्मगाव सांगलीकडे आणि कर्मभूमी कराड साताऱ्याकडे, अशी वाटणी करून तो मिटायचा.

वडील बळवंतराव कराडच्या कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव चार-पाच वर्षांचे असतानाच प्लेगने ते गेले. आई विठाबाईंनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना वाढवले. थोरले भाऊ ज्ञानदेव आणि गणपतराव यांनी लवकर संसाराला हात लावला, म्हणून धाकट्याची शाळा टिकली. ती शाळा म्हणजे कराडचे टिळक हायस्कूल. तिथली एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. मोठेपणी कोण होणार ते कागदावर लिहा, असे मास्तरांनी सांगितले. पोरांनी थोरामोठ्यांची नावे लिहिली. या मुलाने आपले स्वतःचेच नाव लिहिले. मास्तरांना तो आगाऊपणा वाटला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला हसू यायचे. आता वाटते की बेलिफाच्या पोराने कोण व्हायचे, याचा नमुना त्याच्यापुढे तरी कुठे होता?

१९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास उपोषण करत होते. कराडचा हा शाळकरी मुलगा वर्तमानपत्रातून त्यांच्या बातम्या वाचायचा. दास गेले त्या दिवशी त्याला घरचाच माणूस गेल्यासारखे रडू कोसळले. पुढे जानेवारी १९३२ मध्ये कराडात तिरंगा फडकवल्याबद्दल त्याला अटक झाली आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा यशवंतराव मॅट्रिकही झाले नव्हते. येरवडा आणि विसापूरच्या तुरुंगात आचार्य भागवतांसारखी माणसे भेटली, वाचन झाले, चर्चा झाल्या. तुरुंगातून बाहेर आलेला मुलगा वयाने आणि समजेने वर्गमित्रांच्या बराच पुढे गेला होता.

याच १९३२ साली दुसरी एक घटना घडली. डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. त्याआधी हिंदी मुलाला लष्करात पूर्ण अधिकारी व्हायचे तर विलायतेत सँडहर्स्टला जावे लागे, आणि तिथली दारेही १९१८ नंतरच थोडीशी किलकिली झाली होती. इंग्रजी सफाईने बोलता येणारी, खर्च पेलणारी आणि मुळात असा अर्ज असतो हे ठाऊक असणारी घरे किती असणार? कोल्हापूरकडच्या वडगावचे शंकरराव थोरात सँडहर्स्टला गेले आणि १९२६ साली अधिकारी झाले, पण असे दाखले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

शिपाई मात्र आपण गाड्या भरभरून दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला आपण आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसे कामी आली. घरटी एक माणूस फौजेत हा तिथला शिरस्ता. पण त्या घरांतला माणूस शिपाई म्हणून भरती व्हायचा आणि फार तर सुभेदार होऊन निवृत्तिवेतनावर यायचा. पराक्रमात कुठे उणेपणा नव्हता, कमी होते ते शिक्षण आणि माहिती. ही गोष्ट डोक्यात ठेवून यशवंतरावांचे पुढचे आयुष्य वाचले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी काय केले, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. चळवळ चालूच होती आणि शाळा सोडून पूर्णवेळ तिच्यात पडलेले सोबती आजूबाजूला होते. यशवंतराव परत शाळेत गेले. १९३४ साली, एकविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले. मग कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. इतिहास आणि राजकारण हे विषय घेऊन १९३८ साली बी. ए. झाले तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. पुढे पुण्यात कायदा शिकून १९४१ साली एलएल. बी. झाले. वर्षे गेली म्हणून शिक्षण सोडले नाही आणि शिक्षणासाठी चळवळही सोडली नाही. सुट्टीत गावोगाव हिंडायचे, सभा घ्यायच्या आणि परीक्षा आली की अभ्यासाला बसायचे. घर गणपतराव आणि आई चालवत होते, ही त्यातली न दिसणारी बाजू.

२ जून १९४२ रोजी वेणूताईंशी लग्न झाले आणि दोन महिन्यांत चले जाव आले. सातारा जिल्ह्यात कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर इथे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला ९ सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसे मेली. यशवंतराव भूमिगत झाले, वेणूताईंना अटक झाली, पुढे यशवंतरावही पकडले गेले. १९४६ साली ते मुंबईच्या विधानसभेवर निवडून गेले. तिथून पुढचा प्रवास आपल्याला पाठ आहे : १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री.

मुख्यमंत्री असताना शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी जे केले, त्याचा लाभ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पोहोचला आहे. वार्षिक १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना फी माफ झाली. आपण ज्याला ईबीसी म्हणत आलो ती सवलत हीच. माझ्या वडिलांचे शिक्षण तिच्यावरच झाले. १९६० साली कराडला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ सुरू झाले. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात मी शिकले त्या पदवीवर याच विद्यापीठाचे नाव आहे.

आणि २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सैनिक स्कूल सुरू झाले, देशातले पहिले. सैनिक शाळांची कल्पना तेव्हाचे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांची. अधिकारीवर्ग काही ठराविक प्रांतांतून आणि ठराविक थरांतून येतो, हे असंतुलन मोडायचे तर सामान्य घरांतील मुलांना लहान वयातच तयार केले पाहिजे, असा तिचा हेतू होता. त्याच वर्षी कुंजपुरा, कपूरथळा, चित्तोडगड अशा ठिकाणीही शाळा निघाल्या. पण पहिला मान साताऱ्याला मिळाला, यात राज्याच्या प्रमुखपदी कोण होते याचा वाटा मोठा आहे. राज्याने जागा, इमारती आणि शिष्यवृत्त्या द्यायच्या आणि केंद्राने प्राचार्य म्हणून सैन्यदलातला अधिकारी द्यायचा, अशी ही जोडणी होती. राज्य सरकार उदासीन असते तर शाळा कागदावरच राहिली असती.

या शाळेमागचा हिशेब साधा आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, खडकवासल्याला १९५५ पासून सुरू होती. साताऱ्याहून ती शंभरएक किलोमीटरवर. तिच्या दारात एस. टी. जाते, पण परीक्षेच्या दारात जायला गणित, इंग्रजी आणि मुलाखतीत मान वर करून बोलण्याची सवय लागते. बारावीनंतर ती सहा महिन्यांत येत नाही. दहा-अकरा वर्षांचे पोर वसतिगृहात आणून सात वर्षे घडवले, तर येते. आपल्या वर्गातला एकजण पाचवीनंतर तिथे गेला होता. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत आला तो बुटांना पॉलिश करून आणि आम्हाला इंग्रजीत नमस्कार घालून. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली. दुसऱ्या सुट्टीपासून कुणी केली नाही.

मग आले १९६२. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. नेफात आणि लडाखमध्ये आपले जवान अपुऱ्या कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यावर लढले. थोरातसाहेब तोवर पूर्व विभागाचे लष्करप्रमुख होऊन १९६१ च्या मे महिन्यात निवृत्तही झाले होते. नेफाचे संरक्षण कसे करावे याचा आराखडा त्यांनी १९५९ सालीच मांडला होता, तो बाजूला पडला होता. कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावले. २१ नोव्हेंबरला त्यांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सह्याद्रीने हिमालयाकडे धाव घेतल्याचे गौरवाने सांगितले जाते, ते यावरून. गौरव बाजूला ठेवला तर नव्या मंत्र्यापुढे पसरले होते ते खचलेले सैन्य आणि चिडलेला देश.

सैन्य वाढवायचे ठरले. पर्वतीय डिव्हिजन नव्याने उभ्या करायच्या, सैन्याची संख्या सव्वाआठ लाखांपर्यंत न्यायची, अशी ती योजना होती. जवान भरती करता येतात, पण प्रत्येक नव्या पलटणीला अधिकारी लागतात आणि ते कुठून आणायचे? एनडीएची तीन वर्षे आणि डेहराडूनचे एक, अशी चार वर्षे थांबायला वेळ नव्हता. म्हणून आणीबाणीचे कमिशन सुरू झाले. कॉलेजात शिकणाऱ्या आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनी अर्ज केले. निवड झालेल्यांना सुमारे सहा महिन्यांचे शिक्षण देऊन लेफ्टनंट करायचे, असे ठरले. त्यासाठी १९६३ च्या सुरुवातीला मद्रास आणि पुणे इथे अधिकारी प्रशिक्षण शाळा उघडल्या. पुण्याची पुढच्याच वर्षी बंद झाली. मद्रासची मात्र आज चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी म्हणून नांदते आहे. १९६३ पासून कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली, ती १९६८ मध्ये ऐच्छिक झाली. आपल्या वडिलांच्या पिढीतले कुणी कॉलेजातल्या परेडचे किस्से सांगत असतील, तर ते याच काळातले.

वर्गातून उठून थेट फौजेत गेलेल्या त्या मुलांबद्दल वाचताना मी बराच वेळ थांबले. त्यांच्यातले अनेक १९६५ च्या युद्धात लढले. पुढे गरज ओसरली तशी त्यांची पुन्हा चाळणी झाली. काहींना कायम कमिशन मिळाले, इतरांना टप्प्याटप्प्याने निरोप मिळाला. निरोप मिळालेल्यांसाठी सरकारने नागरी सेवांमध्ये राखीव जागा ठेवल्या आणि कित्येकजण प्रशासनात चांगले रुळले. पण ज्यांची पदवी अर्धी राहिली होती, त्यांना पंचविशी ओलांडल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. देशाची नड होती तेव्हा आखूड वाट काढावी लागली आणि तिची किंमत त्या पोरांनी मोजली. लांब वाट आधी बांधलेली असती तर आखूड वाटेवर एवढी गर्दी करावी लागली नसती. सैनिक स्कूलची पहिली तुकडी तेव्हा जेमतेम दीड वर्षाची होती.

पराभवाची चौकशी झाली. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत तिचे निष्कर्ष निवेदन केले. शिक्षण, साधनसामग्री, हुकुमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची कुवत या पाच गोष्टींबद्दल ते बोलले. कुणाच्याही नावाने खडे फोडले नाहीत. सैन्याला डोंगरातल्या युद्धाचे शिक्षण नव्हते हे त्यांनी मान्य केले आणि पुढच्या कामाला लागले. सेनापती आणि मंत्री यांच्यात तुटलेला विश्वास त्यांनी धीराने सांधला. कामाचा हा प्रकार मला ओळखीचा वाटतो. रात्री-अपरात्री यंत्रणा कोलमडली की आमच्याकडेही दोन तऱ्हेची माणसे दिसतात. एक चूक कुणाची ते शोधत बसतात आणि दुसरी काय तुटले ते लिहून काढतात. यशवंतराव दुसऱ्या तऱ्हेचे होते.

१ सप्टेंबर १९६५ ला या विश्वासाची परीक्षा झाली. छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले होते. दुपारी लष्करप्रमुख आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग विमाने वापरण्याची परवानगी मागायला आले. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि संध्याकाळ होण्याआधी पठाणकोटहून विमाने उडाली. निर्णय चुकला असता तर सगळे खापर त्यांच्यावर फुटले असते. तीन वर्षांपूर्वी ज्या शहरात ते परके म्हणून आले होते, तिथे सैन्यदलांचे प्रमुख आता त्यांच्या शब्दावर निघत होते.

आता ते घरगुती कारण. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सांगलीत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. जागा कष्टाने मिळालेली, फी मेहुण्यांनी कर्ज काढून भरलेली. पहिले सत्र संपता संपता तिने घरी सांगितले की मी एनडीएचा अर्ज भरला आहे. घरात दोन तट पडले. बहिणीला मुलगी फौजेत जाणार याची धास्ती आणि मेहुण्यांना हातातली जागा जाण्याची. मावशी इंजिनिअर, म्हणून निवाड्याला मला बोलावले.

मी सांगलीला शिकत होते तेव्हा हा प्रश्नच उभा राहिला नसता. आमच्या वर्गातल्या मुलांना शेवटच्या वर्षाआधीच लष्कराचा अर्ज भरता येई. दोघेतिघे भोपाळला मुलाखतीलाही जाऊन आले. मुलींसाठी ती योजना नव्हती. वैद्यकीय सेवा सोडून इतर शाखांत अधिकारी म्हणून मुलींना १९९२ पासून घेऊ लागले होते, पण ती वाट अरुंद होती आणि तिच्याबद्दल सांगणारे आसपास कुणी नव्हते. मी पुण्याला नोकरी धरली. एनडीएचे दार मुलींना उघडले ते सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने. नोव्हेंबरमध्ये मुलींनी पहिली परीक्षा दिली, २०२२ मध्ये १९ मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. सैनिक शाळांमध्येही २०२१-२२ पासून मुली आहेत. साताऱ्याच्या ज्या फाटकातून आपल्या वर्गातला तो मुलगा आत गेला, त्यातून आता मुलीही जातात.

भाचीसाठी जी माहिती काढली ती इथे देते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. एनडीएची परीक्षा लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. बारावी झालेला, अविवाहित, अभ्यासक्रम सुरू होताना साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वयात बसणारा कुणीही अर्ज करू शकतो. कॉलेजात असणे हा अडथळा नाही, वय उलटणे हा आहे. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. लेखी परीक्षा ९०० गुणांची : गणिताला ३०० आणि सामान्य क्षमतेला ६००. त्यापुढे निवड मंडळाची मुलाखत, तीही ९०० गुणांची आणि पाच दिवसांची. मग वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी. शिक्षणाचा खर्च सरकारचा. तीन वर्षांनी पदवी मिळते, नौदल आणि हवाई दलाच्या छात्रांना बी. टेक. घेता येते. सैन्यदलात जाणाऱ्यांना पुढे डेहराडूनचे एक वर्ष, त्या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन.

वयाची मर्यादा ओलांडली तरी सगळे संपत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना सीडीएसची परीक्षा देता येते, इंजिनिअरांसाठी वेगळ्या योजना असतात, हवाई दलाची स्वतंत्र परीक्षा असते. दहावीनंतरच ठरवले असेल तर राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. मुलांची औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) १९७७ पासून आणि मुलींची नाशिकला २०२३ पासून.

निवाडा मी दिला नाही. भाचीला एवढेच सांगितले की यादी लागेपर्यंत कॉलेजातले एकही प्रात्यक्षिक बुडवायचे नाही आणि सत्र परीक्षा नीट द्यायची. बहिणीला सांगितले की अर्ज भरला म्हणजे पोरगी गेली असे होत नाही, लाखोंनी अर्ज येतात आणि जागा शेकड्यांत असतात. मेहुण्यांना यशवंतरावांची वर्षे मोजून दाखवली. अठरा महिने तुरुंगात गेले तरी एकविसाव्या वर्षी मॅट्रिक, पंचविसाव्या वर्षी पदवी, अठ्ठाविसाव्या वर्षी वकिली. वर्ष मागे पडते त्याने आयुष्य मागे पडत नाही. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग मुलाखतीला जायचे तर रेल्वेचे तिकीट कधी काढावे लागेल, ते विचारू लागले. भाचीची लेखी परीक्षा झाली आहे. निकाल मी हे लिहीपर्यंत आलेला नाही.

संरक्षण खात्यानंतर यशवंतराव गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि १९७९ मध्ये उपपंतप्रधान झाले. राजकारणात चढउतार आले, काही निर्णयांवर टीका झाली, शेवटच्या काळात ते बरेच एकटे पडले. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. मूलबाळ नव्हते. कृष्णाकाठ हा आत्मचरित्राचा पहिला भाग १९८४ साली आला, तो १९४६ पर्यंतच येऊन थांबतो. पुढचे भाग राहून गेले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांना निरोप दिला गेला. मागे मालमत्ता फारशी नव्हती. होती ती पुस्तके, आणि ती कराडला वेणूताईंच्या स्मारकात आजही वाचायला मिळतात.

माझी वर्गमित्रांना आणि सर-बाईंना एक विनंती आहे. मेळाव्यातून शाळेला काहीतरी भेट द्यायची असे ठरते आहे. पंखे, संगणक, पाण्याची टाकी ही यादी मी पाहिली, ती योग्यच आहे. तीत एक बिनपैशाची गोष्ट घालू या. फाटकाजवळच्या फलकावर एक कोपरा कायमचा राखून ठेवायचा आणि सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा, एनडीए आणि पूर्वशिक्षण संस्थेची जाहिरात आली की त्याच आठवड्यात तिथे मराठीत लावायची : शेवटची तारीख, वयाची अट आणि अर्ज भरायला मदत करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन नंबर. आपल्या बॅचमधले जे फौजेत गेले आणि आता निवृत्त होऊन परतले आहेत, त्यांनी वर्षातून एकदा नववीच्या वर्गावर एक तास घ्यावा. पहिल्या वर्षी जाहिराती मिळवून त्या मराठीत उतरवण्याचे काम मी करते. ज्यांना यात यायचे आहे त्यांनी मेळाव्याच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या फलकापाशी भेटावे.